मोठी संख्या फोडायची कशी? पायऱ्या, त्यांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

कोल्हापुरात राजारामपुरीत संध्याकाळच्या बॅचला स्पर्धा परीक्षेची पोरं असतात, त्यांना मी दरवर्षी फळ्यावर एक नऊ अंकी संख्या लिहून देतो आणि विचारतो, हिचे विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ही पूर्ण वर्ग आहे का, नसेल तर कितीनं गुणल्यावर होईल. पोरं हुशार आहेत, सूत्रं सगळ्यांना पाठ आहेत, तरी उत्तर चुकतं. चूक सूत्रात नसतेच, ती त्याच्या आधीच झालेली असते, म्हणजे संख्या उतरवताना, भागाकाराचा क्रम चुकवताना, नाहीतर "आता ही मूळच संख्या असणार" असं म्हणून मध्येच हात झटकताना. म्हणून इथं सूत्रांपेक्षा क्रमावर जास्त लिहितोय, वही-पेन घेऊन सोबत करत चला, नुसतं वाचून हे हाताला बसत नाही.

आपली संख्या: २३,५२,९२,९०४

## पायरी १ : तयारी

चौकडीची वही घ्या. साध्या पानावर नऊ अंकी भागाकार केला की अंक तिरके सरकत जातात आणि एकाखालचा एक सुटतो. चौकडीत एका घरात एक अंक, बस्स. पानावर मधोमध उभी रेघ मारा, डावीकडं भागायची संख्या, उजवीकडं कितीनं भागलं ते. कच्चं काम कोपऱ्यात बारीक करू नका, त्याला वेगळं पान द्या.

५० पर्यंतच्या मूळ संख्या तोंडपाठ हव्यात: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७. एकूण पंधरा. १०० पर्यंत पंचवीस होतात, उरलेल्या दहा (५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७) वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. आणि १ ही मूळ संख्या नाही, दरवर्षी कोणीतरी ती यादीत घालतंच.

याच्याइतकीच गरजेची दुसरी एक यादी आहे, ती कोणी पाठ करत नाही. मूळ वाटतात पण नाहीत अशा संख्यांची:

९१ = ७×१३, ११९ = ७×१७, १३३ = ७×१९, १४३ = ११×१३, १६१ = ७×२३, १८७ = ११×१७, २०९ = ११×१९, २१७ = ७×३१, २२१ = १३×१७, २४७ = १३×१९, २८९ = १७×१७, २९९ = १३×२३, ३२३ = १७×१९.

शेवटी एवढंच उरलं की पोरं पेन ठेवतात. १६१ आणि २२१ नं तर किती जणांचे मार्क घालवलेत, मोजलेले नाहीत मी. ही यादी भिंतीवर चिकटवा.

तपासा: फळ्यावरनं किंवा प्रश्नपत्रिकेवरनं संख्या उतरवली की आधी अंक मोजा. नऊ आहेत ना? मग उजवीकडनं डावीकडं एकेक अंक मोठ्यानं वाचा: चार, शून्य, नऊ, दोन, नऊ, दोन, पाच, तीन, दोन. डावीकडनं वाचलं तर डोळा सवयीनं पुढं पळतो आणि उलटापालट झालेली दिसत नाही. उलटं वाचलं की दिसते.

## पायरी २ : आधी २, मग ३, मग ५

सगळ्यात छोट्यापासून सुरुवात, आणि एक मूळ संख्या पूर्ण संपल्याशिवाय पुढच्याकडं जायचं नाही. गुऱ्हाळात काहिलीतला रस आटत आटत येतो तशी संख्या प्रत्येक भागाकाराला लहान होत जाते आणि पुढचं काम हलकं होतं. मोठ्या मूळ संख्येपासून सुरुवात केली तर नऊ अंकी ओझं शेवटपर्यंत वागवत बसावं लागतं.

शेवटचे तीन अंक ९०४. ९०४ ला ८ नं भाग जातो (११३ वेळा), म्हणजे २ निदान तीनदा आहे. चौथ्यांदा आहे का ते बघायला शेवटचे चार अंक घ्या, २९०४. १६ नं भागल्यावर बाकी ८ उरते. म्हणजे २ बरोब्बर तीनदा.

२३,५२,९२,९०४ ÷ २ = ११,७६,४६,४५२
÷ २ = ५,८८,२३,२२६
÷ २ = २,९४,११,६१३

एकदम ८ नं भागायला हरकत नाही, पण उजव्या रकान्यात "८" लिहून ठेवू नका, "२, २, २" असं तीनदा लिहा. ८ लिहिलं की शेवटी घातांक मोजताना तो एकच अवयव म्हणून मोजला जातो आणि सगळं उत्तर ढासळतं.

आता ३. अंकांची बेरीज: २+९+४+१+१+६+१+३ = २७. भाग जातो.

२,९४,११,६१३ ÷ ३ = ९८,०३,८७१ (अंकांची बेरीज ३६, अजून जातो)
÷ ३ = ३२,६७,९५७ (बेरीज ३९, अजून जातो)
÷ ३ = १०,८९,३१९ (बेरीज ३१, आता नाही)

३ सुद्धा तीनदा. ५ चा प्रश्न नाही, शेवटी ९ आहे.

सावधान: अंकांच्या बेरजेची युक्ती ३ आणि ९ पुरतीच चालते, २७ ला चालत नाही! पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज होती ३६. ३६ ला २७ नं भाग जात नाही, म्हणून बरेच जण "म्हणजे ३ दोनदाच" असं लिहून मोकळे होतात. पण आत्ताच आपण तीनदा भागलं की! उलटंही होतं, १८९९ च्या अंकांची बेरीज २७ येते, पण तिला २७ नं भाग जात नाही. त्यामुळं प्रत्येक भागाकारानंतर नव्यानं बेरीज करायची, जुन्या बेरजेवर भरवसा ठेवायचा नाही.

तशीच दुसरी एक चूक, ४ नं भाग जातो, ६ नं जातो, म्हणून २४ नं जाणारच. १२ घ्या, ४ नं जातो, ६ नं जातो, २४ नं जातो का? २४ साठी ३ आणि ८ तपासायचे, कारण त्या दोघांत सामाईक काही नाही. ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे, तो एकच २ आपण दोनदा मोजून बसतो.

## पायरी ३ : ७, ११, १३ एका दमात, आणि स्वल्पविरामाचा सापळा

१०,८९,३१९ उरली. इथं थांबून नीट वाचा, कारण माझ्या बघण्यात सगळ्यात जास्त पोरं याच पायरीला पडतात, आणि पडतात ती आपल्या लाख-कोटीच्या सवयीमुळं.

७ × ११ × १३ = १००१. म्हणजे हजार ही संख्या १००१ पेक्षा फक्त एकानं कमी. त्यामुळं संख्येचे उजवीकडनं तीन-तीन अंकांचे गट केले आणि त्यांची आलटून पालटून वजाबाकी-बेरीज केली, तर जे उत्तर येतं त्याला ७, ११ किंवा १३ नं भाग जातो का एवढं बघितलं की सुरुवातीच्या संख्येचा निकाल लागतो. तिन्हींची परीक्षा एकाच हिशोबात.

१०,८९,३१९ चे तीन-तीनचे गट: ३१९, ०८९, १.
३१९ − ८९ + १ = २३१.
२३१ = ३ × ७ × ११. म्हणजे ७ नं जातो, ११ नं जातो, १३ नं नाही.

आता चूक कुठं होते ती बघा. आपण स्वल्पविराम देतो हजाराला तीन अंकांवर आणि मग लाख, कोटी असे दोन-दोनवर. पोरं छापलेले स्वल्पविराम बघून तेच गट धरतात: ३१९, ८९, १०. मग ३१९ − ८९ + १० = २४०, आणि २४० ला ना ७ नं भाग जातो ना ११ नं. झालं, "दोन्ही नाहीत" असं लिहून गडी पुढं १७, १९, २३ च्या मागं लागतो आणि दहा मिनिटं घालवतो. युक्ती बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर, फक्त गट चुकीचे.

म्हणून ही पायरी सुरू करायच्या आधी सगळे स्वल्पविराम खोडून टाका, संख्या सलग लिहा, १०८९३१९, आणि उजवीकडनं तीन-तीन अंकांवर स्वतःच्या हातानं उभ्या रेघा मारा: १ | ०८९ | ३१९. गटाच्या सुरुवातीचं शून्य लिहायचंच, ते गाळलं की पुढच्या वेळी गट दोन अंकी धरला जातो.

सावधान: २३१ मध्ये ३ पण आहे, म्हणून १०,८९,३१९ ला ३ नं भाग जातो असं धरू नका, तो पायरी २ मध्येच संपलाय. ही परीक्षा ७, ११, १३ पुरतीच आहे आणि ती फक्त "जातो" किंवा "जात नाही" सांगते, किती वेळा जातो ते सांगत नाही. आपल्या मूळ नऊ अंकी संख्येवरच हे करून बघा: ९०४ − २९२ + २३५ = ८४७, आणि ८४७ = ७ × ११ × ११. यावरनं वाटतं की संख्येत ७ एकदा आणि ११ दोनदा असणार. प्रत्यक्षात बरोब्बर उलटं आहे, आत्ता दिसेलच. मी ही संख्या मुद्दाम निवडली ती यासाठीच.

पुढं चला, दर भागाकारानंतर परीक्षा नव्यानं:

१०,८९,३१९ ÷ ७ = १,५५,६१७
गट १५५ | ६१७ : ६१७ − १५५ = ४६२ = ७ × ६६, अजून ७ जातो.

१,५५,६१७ ÷ ७ = २२,२३१
गट २२ | २३१ : २३१ − २२ = २०९ = ११ × १९. ७ संपला, ११ जातो. (१९ दिसतोय म्हणून १९ नं भागायला जाऊ नका, वरचीच सूचना.)

२२,२३१ ÷ ११ = २,०२१
गट २ | ०२१ : २१ − २ = १९. ७ नाही, ११ नाही, १३ पण नाही. तिघंही एका ओळीत बाद.

तर ७ दोनदा, ११ एकदा. उरलं २०२१.

## पायरी ४ : कुठपर्यंत भागत जायचं ती हद्द ठरवा

"सर, कुठपर्यंत बघायचं?" हा प्रश्न रोज येतो. उत्तर सोपं आहे, उरलेल्या संख्येच्या वर्गमूळापर्यंत. दोन अवयवांचा गुणाकार असेल तर त्यातला एक तरी वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असणारच, दोन्ही मोठे असले तर गुणाकार संख्येच्या पुढं निघून जाईल.

पण पोरं वर्गमूळ काढतात सुरुवातीच्या संख्येचं. २३,५२,९२,९०४ चं वर्गमूळ १५,३३९ च्या थोडं पुढं येतं, आणि एवढ्या मूळ संख्या कोण तपासणार म्हणून माणूस आधीच घाबरतो. हद्द प्रत्येक भागाकाराबरोबर कमी होत जाते हे लक्षात घ्या:

१०,८९,३१९ उरली तेव्हा हद्द १०४३.
२२,२३१ उरली तेव्हा १४९.
२०२१ उरली तेव्हा फक्त ४४, कारण ४५ × ४५ = २०२५ म्हणजे पुढं गेलं.

१५,३३९ वरनं ४४ वर आलो ते केवळ छोट्यापासून भागत आलो म्हणून. हद्द वहीत उरलेल्या संख्येच्या शेजारी गोलात लिहा आणि भाग गेला की खोडून नवी लिहा.

## पायरी ५ : शेवटचा तुकडा, इथं हात झटकू नका

२०२१. बघायला अगदी मूळ संख्या वाटते. गेल्या खेपेला एका पोरीनं १३, १७, १९, २३ बघितलं, कंटाळली आणि "मूळ" लिहून टाकलं, एकानं ४१ पर्यंत बघितलं आणि सोडलं. दोघांचंही चुकलं, आणि दुसऱ्याचं जास्त वाईट वाटलं कारण तो एका पावलावर होता.

१३ पर्यंतचं झालंय, १७ पासून घ्या, आणि बाकी लिहा. नुसतं "नाही" लिहू नका, बाकी लिहिली की नंतर तपासता येतं:

१७ ने बाकी १५
१९ ने बाकी ७
२३ ने बाकी २०
२९ ने बाकी २०
३१ ने बाकी ६
३७ ने बाकी २३
४१ ने बाकी १२
४३ ने बाकी ०

२०२१ = ४३ × ४७. हद्द ४४ होती, आणि हद्दीच्या आतली शेवटची मूळ संख्या ४३ हीच होती! म्हणजे हद्द म्हणजे हद्द, तिच्या आत एकही सोडायची नाही.

यासाठी एक जवळची वाटही आहे. हद्द काढताना ४५ × ४५ = २०२५ आलं, ते २०२१ पेक्षा किती जास्त? ४ नं. आणि ४ हा २ चा वर्ग. म्हणजे २०२१ = ४५ चा वर्ग वजा २ चा वर्ग = (४५ − २)(४५ + २) = ४३ × ४७. वर्गमूळाच्या लगेच पुढच्या संख्येचा वर्ग घ्यायचा, उरलेली संख्या वजा करायची, फरक पूर्ण वर्ग आला तर काम तिथंच संपलं. नाही आला तर पुढच्या दोन-तीन संख्या बघायच्या आणि मग गपगुमान भागाकाराकडं यायचं. दोन अवयव एकमेकांजवळ असतील तेव्हाच ही वाट लवकर पोचवते, पण शेवटच्या तुकड्यावर अर्धं मिनिट देण्याइतकी ती नक्की चांगली आहे.

तर आपली संख्या:

२३,५२,९२,९०४ = २×२×२ × ३×३×३ × ७×७ × ११ × ४३ × ४७

## पायरी ६ : पडताळणी, पुढं जायच्या आधी

हे अवयव चुकले तर पुढचं प्रत्येक उत्तर चुकणार, म्हणून इथं दोन मिनिटं द्याच. पूर्ण गुणून बघा, पण सोयीच्या क्रमानं:

८ × २७ = २१६
२१६ × ४९ = १०,५८४
१०,५८४ × ११ = १,१६,४२४
१,१६,४२४ × २०२१ = २३,५२,९२,९०४ ✓

मधल्या पायऱ्यांसाठी ९ ची बाकी वापरा, म्हणजे अंकांची बेरीज एक अंक येईपर्यंत करत जायची. २२,२३१ चं येतं १, ११ चं २, २०२१ चं ५, आणि २ × ५ = १०, म्हणजे १. जुळलं.

सावधान: ९ ची बाकी उलटापालट पकडत नाही. २०२१ च्या जागी २२०१ लिहिलं तरी बेरीज ५ च येते आणि सगळं बरोबर वाटतं, आणि २२०१ फोडलं तर ३१ × ७१ येतं, म्हणजे वेगळीच संख्या घेऊन बसलो. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तर ते ११ ची बाकी पकडते (उजवीकडनं एकेक अंक आलटून पालटून अधिक, वजा करत जायचं). पण ज्या पायरीत ११ नंच भागलंय तिथं ११ ची बाकी काही कामाची नाही, चुकीचं उत्तरसुद्धा ११ नं गुणलं की बाकी शून्यच येणार. म्हणून त्या पायरीला सरळ गुणून बघायचं.

## पायरी ७ : आता गुणधर्म, आणि इथं प्रश्नाचे शब्द दोनदा वाचा

घातांक लिहून घ्या: २ चा ३, ३ चा ३, ७ चा २, ११ चा १, ४३ चा १, ४७ चा १.

वेगवेगळे मूळ अवयव किती, पुन्हा येणारे धरून किती, आणि विभाजक किती? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि पेपर काढणारे मुद्दाम जवळजवळ ठेवतात. वेगवेगळे मूळ अवयव ६. पुन्हा पुन्हा येणारे धरून ३+३+२+१+१+१ = ११. आणि विभाजक: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार, ४ × ४ × ३ × २ × २ × २ = ३८४. मिळवायचा तो १ कशासाठी, तर "तो अवयव एकदाही घेतला नाही" हीसुद्धा एक निवड आहे म्हणून. २ शून्य वेळा, एकदा, दोनदा, तीनदा, झाले चार. हे एकदा डोक्यात बसलं की सूत्र विसरायची भीती राहत नाही.

विषम विभाजक हवेत तर २ ला घ्यायचंच नाही: ४ × ३ × २ × २ × २ = ९६. सम विभाजक ३८४ − ९६ = २८८. सम काढायला नवा हिशोब करत बसू नका, वजा करा.

दोन संख्यांच्या गुणाकारानं किती प्रकारे लिहिता येईल? ३८४ चं निम्मं, १९२. निम्मं का ते लहान संख्येवर बघा. समजा शाहूपुरीत गुळाचे ३६ रवे (ढेपा) सारख्या ओळींत मांडायचेत. ३६ चे विभाजक ९: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, ३६. जोड्या: १×३६, २×१८, ३×१२, ४×९, ६×६. पाच! ९ चं निम्मं साडेचार, पण ६ ची जोडी स्वतःशीच लागते, म्हणून पूर्ण वर्ग असेल तर एक मिळवून निम्मं करायचं. आपली संख्या पूर्ण वर्ग नाही, म्हणून सरळ निम्मं.

पूर्ण वर्ग नाही हे कशावरनं? शेवटचा अंक ४, म्हणजे वर्ग असू शकतो. अंकांची बेरीज एक अंक येईपर्यंत केली तर ९, म्हणजे तेही चालतं. दोन्ही झटपट परीक्षा पास, तरी वर्ग नाही! या परीक्षा फक्त "नाही" ठामपणे सांगू शकतात, "हो" सांगू शकत नाहीत, हे उलटं धरणारे खूप आहेत. खरा निकाल घातांकांवर: सगळे सम हवेत. इथं ३, ३, १, १, १ असे पाच विषम आहेत.

वर्ग करायला विषम घातांकवाल्यांना एकेकदा गुणा: २ × ३ × ११ × ४३ × ४७ = १,३३,३८६. ७ ला हात लावायचा नाही, त्याचा घातांक आधीच सम आहे. आणि कितीनं भागलं तर वर्ग मिळेल? तेच, १,३३,३८६ नं. भागाकार १७६४, म्हणजे ४२ चा वर्ग. गुणायची आणि भागायची संख्या एकच कशी म्हणून पोरं उत्तर खोडतात. खोडू नका, विषम घातांकात एक वाढवला काय नि एक कमी केला काय, तो समच होतो.

विभाजकांची बेरीज. प्रत्येक मूळ अवयवाचा गट करा, १ पासून सुरू:

१+२+४+८ = १५
१+३+९+२७ = ४०
१+७+४९ = ५७
१+११ = १२, १+४३ = ४४, १+४७ = ४८

१५ × ४० × ५७ × १२ × ४४ × ४८ = ८६,६७,६४,८००.

१ विसरला तर १५ चे १४ होतात आणि सगळं गेलं. आणि प्रश्नात "ती संख्या सोडून" असं असेल तर शेवटी २३,५२,९२,९०४ वजा करा, ६३,१४,७१,८९६ येईल. ते आपल्या संख्येपेक्षा मोठंच आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बेरीज संख्येपेक्षा मोठी कशी असेल म्हणून बरोबर उत्तर बदलून आलेली पोरं बघितलीत मी. १२ घ्या, १+२+३+४+६ = १६. होतं तसं.

सहमूळ संख्या किती? म्हणजे १ पासून आपल्या संख्येपर्यंत किती संख्यांचा हिच्याशी १ सोडून काहीच सामाईक विभाजक नाही. प्रत्येक मूळ अवयवातनं एक वजा करा, आणि तो अवयव पुन्हा आला असेल तर जितक्या जास्तीच्या वेळा आलाय तितक्यांदा त्याच अवयवानं गुणा: २ साठी १×४ = ४, ३ साठी २×९ = १८, ७ साठी ६×७ = ४२, मग १०, ४२, ४६. गुणाकार ५,८४,२३,६८०. इथली नेहमीची चूक म्हणजे २ च्या तीन घाताला ८ − १ = ७ करणं. एक वजा करायचा तो मूळ संख्येतनं, घातातनं नाही.

## पायरी ८ : मोबाईल आणि शीट वापरणार असाल तर

वापरा, पण दोन गोष्टी बघून. शीटमध्ये, एक्सेल असो वा तसलं दुसरं काही, १५ अंकांपर्यंतच संख्या बिनचूक राहते, सोळावा अंक टाकला की तो गुपचूप शून्य होतो आणि संख्या १० नं भागली जाणारी बनते! मग "५ नं भाग जातो" असं उत्तर येतं आणि आपण खरं मानतो. टाकलेली संख्या पुन्हा पडद्यावर वाचून बघा. आणि पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) वापरत असाल तर पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला एकच तिरकी रेघ दिली की उत्तर दशांशात जातं आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढं (२ चा ५३ वा घात) अंक घसरायला लागतात. दोन तिरक्या रेघा द्या, आणि भाग पूर्ण जातो का ते बाकी काढून बघा.

फोनच्या कॅल्क्युलेटरवर भागाकाराचं उत्तर बिनदशांशाचं दिसलं म्हणजे भाग गेला असं नाही, पडद्यावर जागा नसेल तर शेपूट कापलेलं असतं. उलटं गुणून बघा.

आणि मशीन हातात असलं तरी सगळ्याच संख्या फुटत नाहीत. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, हिला हातानं ६०० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून "मूळ" लिहिलं तरी चूक, कारण ती ६४१ × ६७,००,४१७ आहे. २५० अंकी एक ठरवून दिलेली संख्या २०२० साली फोडली गेली ती ढीगभर कॉम्प्युटर कामाला लावून, आणि तिचे अवयव दोनच होते. त्यामुळं पेपरात संख्या आली असेल तर ती हातानं फुटणारी असणार, हे धरून चालायला हरकत नाही.

## सरावाला घरचीच संख्या

कोल्हापूरचाच एक पिनकोड घ्या, ४१६००१. आधी स्वतः करा, मग खाली बघा.

अंकांची बेरीज १२, ३ नं जातो, ९ नं नाही. उरतं १,३८,६६७, हद्द ३७२. गट १३८ | ६६७ : ६६७ − १३८ = ५२९. ५२९ ला ७, ११, १३ कशानंच भाग जात नाही, तिघं बाद. १७ ने बाकी १५, १९ ने बाकी ५, २३ नं जातो, ६०२९ वेळा. (५२९ हा २३ चा वर्ग आहे हा इथं निव्वळ योगायोग, ती परीक्षा २३ साठी नाही.)

आता ६०२९. हद्द लगेच बदला, ३७२ नाही, ७७. पुन्हा २३ पासूनच सुरू करा कारण २३ दोनदा असू शकतो, बाकी ३ येते, म्हणजे नाही. मग २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३. बाक्या येतात २६, १५, ३५, २, ९, १३, ४०, ११, ५१, ६६, ६५, ४३. एकही शून्य नाही आणि ७३ च्या पुढची मूळ संख्या ७९, ती हद्दीबाहेर. म्हणून ६०२९ मूळ.

४१६००१ = ३ × २३ × ६०२९. विभाजक ८, त्यांची बेरीज ४ × २४ × ६०३० = ५,७८,८८०, सहमूळ २ × २२ × ६०२८ = २,६५,२३२. तुमच्या बाक्या या ओळीशी जुळत नसतील तर जिथं पहिल्यांदा फरक पडला ती एकच ओळ परत करा, सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करू नका.